एमजीबीचे बॅकफायर आणि नाना पेठेतील निदान

नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने जिथे विरळ होतात आणि गल्ली भवानी पेठेकडे वळते, तिथे दोन गाळ्यांचे एक जुने गॅरेज आहे. त्यावर नावाची पाटी नाही. आसपासचे दुकानदार त्याला ‘कार्बोरेटरवाले’ एवढ्याच नावाने ओळखतात. आत भिंतीवर मात्र एक पाटी आहे : ‘निदान झाल्याशिवाय कोणताही भाग बदलला जाणार नाही. कृपया आग्रह करू नये.’ या गॅरेजमध्ये गाडीच्या दुखण्याचा शोध घेणे हेच मुख्य काम मानले जाते, त्याची फी वेगळी घेतली जाते आणि शोधाचा लेखी अहवाल मालकाच्या हातात दिला जातो. जुन्या स्पोर्ट्‌स गाडीच्या बॅकफायरचे, म्हणजे इंधन चुकीच्या जागी पेटून होणाऱ्या आवाजांचे, मूळ कारण शोधून हवे असेल, तर पुण्यात मी याच ठिकाणाची शिफारस करीन, आणि ती का, हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

माझी गाडी १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत या गाडीचे उत्पादन झाले. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे साधे, दणकट इंजिन आणि त्यावर हवेत पेट्रोल मिसळणारे एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर, अशी तिची रचना आहे. तक्रार दुहेरी होती. सिग्नलवरून निघताना किंवा बोपदेव घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून ‘फट्’ असा आवाज येऊन गाडी क्षणभर अडखळत असे; आणि घाट उतरताना पाय उचलला की सायलेन्सरमधून मोठे फटाके वाजत. शहरातील एका प्रशस्त, वातानुकूलित गॅरेजने यावर प्लग, प्लगच्या वायरी आणि ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल बदलून दिली, दोन्ही कार्बोरेटरचे पेट्रोल वाढवून दिले आणि भरघोस बिल लावले. त्यानंतर पुढचे अडखळणे थोडे कमी झाले, परंतु सायलेन्सरचे फटाके वाढले आणि गाडीच्या मागे पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला.

नाना पेठेतील वस्तादांनी गाडी पाहण्याआधी मलाच बसवून घेतले आणि प्रश्न विचारले. त्यांचा पहिला प्रश्न होता, “साहेब, आवाज पुढून येतो की मागून, तेवढे आधी सांगा.” त्यानंतर थंड इंजिनावर जास्त होतो की गरम झाल्यावर, पाय दाबताना की सोडताना, एका लयीत होतो की मधूनच, शेवटचे काम कोणी काय केले, हे सर्व त्यांनी एका वहीत लिहून घेतले. ही चौकशी वरवरची नव्हती. कार्बोरेटरमधून उलटा येणारा भडका आणि सायलेन्सरमध्ये होणारा स्फोट या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिल्यात सिलिंडरमधील ज्वाला इनटेक व्हॉल्व्ह उघडताना अजून विझलेली नसते आणि ती मॅनिफोल्डमधील, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीतील, हवा-पेट्रोलच्या ताज्या मिश्रणाला पेटवते. पेट्रोल कमी पडून मिश्रण सावकाश जळत असेल, इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा ठिणगी चुकीच्या वेळी पडत असेल तर असे होते. दुसऱ्यात सिलिंडरमध्ये न जळलेले मिश्रण एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपमध्ये, जाते आणि तिथे उष्णता व हवा मिळून पेट घेते. माझ्या गाडीत दोन्ही होते, त्यामुळे एकाच उपायाने दोन्ही बरे होतील ही अपेक्षा सुरुवातीपासूनच चुकीची होती, हे त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात स्पष्ट केले.

मग चारही प्लग काढून, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका लाकडी पट्टीच्या भोकांत लावले गेले. पहिल्या दोन प्लगांच्या टोकावरील चिनीमाती पांढुरकी, जवळजवळ कोरी होती. तिसऱ्या व चौथ्यावर मखमलीसारखी काळी काजळी होती. या इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, इनटेकसाठी दोनच पोर्ट आहेत. पहिला व दुसरा सिलिंडर एका पोर्टमधून श्वास घेतात, तिसरा व चौथा दुसऱ्यामधून. म्हणजे पुढचा कार्बोरेटर प्रामुख्याने पहिल्या जोडीला आणि मागचा दुसऱ्या जोडीला पाजतो. ही रचना ज्याला माहीत आहे, त्याला ती चार टोके पाहूनच कळते की पुढच्या बाजूला हवा जास्त होते आहे आणि मागच्या बाजूला पेट्रोल. आधीच्या गॅरेजने दोन्हींचे पेट्रोल सारखेच वाढवले होते. त्यामुळे पुढची जोडी उपाशीच राहिली आणि मागच्या जोडीतून न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊ लागले. प्लग बदलून जुने फेकून देण्याऐवजी कोणी ते वाचले असते, तर हे तेव्हाच दिसले असते.

इंजिनाची आतली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावताना वस्तादांनी जी गोष्ट सांगितली, ती मला पुण्यातील दुसऱ्या कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळालेली नाही. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना, साधारण १७ ते २१ इंच पारा इतका व्हॅक्यूम दाखवते, आणि बहुतेक पुस्तकांत हाच आकडा छापलेला असतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. दर ३०० मीटरमागे हा आकडा साधारण एक इंचाने उतरतो, म्हणून इथे जवळजवळ दोन इंच कमी दिसणे हे दुखणे नसून उंचीचा परिणाम आहे. पुस्तकातला आकडा गाठण्यासाठी इथले कारागीर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे ओढत बसतात आणि त्यातून नवी दुखणी निर्माण करतात, असे ते म्हणाले. माझ्या गाडीचा काटा ही सूट देऊनही खाली होता आणि सावकाश डोलत होता. व्हॉल्व्ह जळला असता तर काटा ठरावीक लयीने झटका देऊन पडला असता. संथ डोलणे मिश्रणाकडे किंवा हवेच्या गळतीकडे बोट दाखवते. तरीही त्यांनी व्हॉल्व्हची शक्यता अनुमानावर सोडली नाही. चारही सिलिंडरमधील कॉम्प्रेशनचा दाब, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा ठेवून, मोजला गेला आणि सर्व आकडे एकमेकांच्या जवळ, दहा टक्क्यांच्या आत निघाले. हेड उघडण्याची गरज नाही, हे मालकाला आकड्यांनिशी सांगणारा कारागीर मला मोलाचा वाटतो, कारण हेड उघडण्याच्या मजुरीवर पाणी सोडणे कोणत्याही गॅरेजला सोपे नसते.

सर्वाधिक वेळ इग्निशनवर, म्हणजे ठिणगीच्या व्यवस्थेवर, गेला, आणि तो योग्यच होता. त्यांचा नियम असा की करंट (इग्निशन), टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि एक्झॉस्ट हे तिन्ही निर्दोष झाल्याशिवाय कार्बोरेटरच्या नटाला पाना लावायचा नाही, कारण मिश्रणाचे सेटिंग या तिन्हींवर अवलंबून असते आणि ते आधी केले तर फक्त दुसऱ्याच्या दोषावर पांघरूण पडते. टायमिंग लाइट लावल्यावर पुलीवरची खूण एका जागी स्थिर दिसायला हवी होती. ती काही अंशांच्या पट्ट्यात मागेपुढे नाचत होती. डेल्कोचे, म्हणजे चारही प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचे, झाकण काढून त्यांनी मला शाफ्टचे टोक बोटांनी आडवे हलवायला सांगितले. ते हलणे बोटांना स्पष्ट जाणवत होते. शाफ्टचा बुश झिजला की पॉइंटमधील, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांमधील, अंतर शाफ्टच्या प्रत्येक उंचवट्यावर वेगळे पडते, ०.०१५ इंचांचे सेटिंग कितीही काळजीने केले तरी चार सिलिंडरना चार वेगळ्या वेळी ठिणगी मिळते. ज्याला ती उशिरा मिळते त्याचे मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळतच राहते. अशा डेल्कोवर नवीन पॉइंट आणि नवीन कंडेन्सर बसवणे हा निव्वळ खर्च आहे. त्यांनी लेथवर ब्राँझचा नवीन बुश तयार करवून बसवला आणि त्यानंतर पॉइंट किती अंश मिटलेले राहतात हे दाखवणाऱ्या डवेल मीटरवर साठ अंशांच्या आसपास स्थिर आकडा दाखवूनच झाकण लावले. इंजिन बंद ठेवून लावायचे टायमिंग दहा अंशांवर ठेवले गेले.

कॉइलबाबतची तपासणी तर पाहत राहावी अशी होती. या गाडीची मूळ वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला आहे. नवीन कॉइलवर धन आणि ऋण अशा खुणा असतात, आणि आजच्या बहुतेक कारागिरांचा हात सवयीने ऋण टोक डेल्कोकडे जोडतो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ते उलटे हवे. वस्तादांनी एक साधी शिसपेन्सिल तासून तिचे टोक प्लगची वायर आणि प्लग यांच्यामधल्या फटीत धरले आणि गाळ्याचे शटर अर्धे खाली ओढायला सांगितले. ठिणगी पेन्सिलीच्या टोकापासून ज्या बाजूला फुलते, ती बाजू प्लगची असली तर कॉइल सरळ जोडलेली असते. आमच्या डोळ्यांसमोर ती वायरच्या बाजूला फुलत होती. उलट्या जोडणीत ठिणगीला प्लगच्या गरम मधल्या टोकाऐवजी थंड बाजूच्या टोकाकडून उडी घ्यावी लागते आणि त्यासाठी बराच जास्त विद्युतदाब लागतो. गाडी सुरू होते, चालते, पण घाटात भार आला की मधूनच ठिणगी चुकते, आणि चुकलेल्या प्रत्येक ठिणगीचे मिश्रण सायलेन्सरकडे जाते. दोन वायरींची अदलाबदल एवढाच याचा उपाय होता आणि त्यासाठी त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत.

एक्झॉस्टची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना झाली. त्यांच्या पुतण्याने जाड फडके सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबून धरले आणि वस्ताद कानाला रबरी नळी लावून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली वाकले. मॅनिफोल्ड आणि पाइप जिथे जुळतात त्या फ्लँजचे पॅकिंग एका कोपऱ्यात खाल्ले गेले होते आणि तिथे काजळीची बारीक रेघ उमटली होती. सामान्यतः अशा फटीतून धूर बाहेर पडतो एवढाच विचार केला जातो. परंतु उतारावर थ्रॉटल बंद असताना एक्झॉस्टमधील दाबाच्या लाटांमध्ये क्षणभर ओढ निर्माण होते आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत येते. पाइपमध्ये न जळलेले पेट्रोल असतेच. त्याला हवा मिळाली की फटाका वाजतो. पॅकिंग आणि पितळी नट बदलल्यानंतर उतारावरचे मोठे आवाज जवळपास थांबले, तोपर्यंत कार्बोरेटरला कोणी हातही लावला नव्हता.

टॅपेट ०.०१५ इंचांवर बसवून झाल्यावर शेवटी कार्बोरेटरची पाळी आली. पुढच्या कार्बोरेटरच्या थ्रॉटल स्पिंडलजवळ, म्हणजे झडपेच्या दांड्याजवळ, क्लीनरचा हलका फवारा मारताच इंजिनाचा आवाज बदलला, मागच्यावर मारल्यावर बदलला नाही. पुढचा स्पिंडल झिजून हवा ओढत होता. त्याच कार्बोरेटरच्या वरच्या घुमटातील डँपरमध्ये तेल जवळजवळ संपलेले होते. एसयू कार्बोरेटरमध्ये ॲक्सिलरेटर पंप नसतो. थ्रॉटल उघडताच कार्बोरेटरमधील पिस्टन एकदम वर उडू नये आणि जेटवर, म्हणजे पेट्रोलच्या तोटीवर, काही क्षण ओढ वाढून पेट्रोल जास्त यावे, हे काम डँपरचे तेल करते. ते नसले की पाय दाबताच मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि ज्वाला उलटी फिरते. सिग्नलवरच्या ‘फट्’ आवाजाचा निम्मा वाटा या चमचाभर तेलाचा होता.

स्पिंडल आणि त्याचे बुश बदलून झाल्यावर त्यांनी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा सूं सूं आवाज सारखा केला, आणि मग कार्बोरेटरचा पिस्टन बाजूच्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचलून पाहिले. आवाज क्षणभर किंचित चढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर; चढून तिथेच राहिला तर पेट्रोल जास्त; इंजिन अडखळून बसू लागले तर कमी. पिन उचलताना त्यांनी बोलणे थांबवले होते आणि पुतण्याने शेजारचा कॉम्प्रेसर बंद केला होता.

इथेच इथेनॉलचा प्रश्न आला, आणि या विषयावर त्यांची समज मला फार महत्त्वाची वाटली. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भागच. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा भाग लागतात. नवीन गाडीतील सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. साठ वर्षांपूर्वीच्या कार्बोरेटरमधील पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी सुई मात्र जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने घासलेली असते, आणि तिच्यामुळे मिश्रण काही टक्क्यांनी पातळच राहते. पुण्याची विरळ हवा मिश्रण थोडे घट्ट करून याची थोडी भरपाई करते, पण पूर्ण नाही. जेटचा नट फिरवून आयडल सुधारता येते. भाराखाली काय होईल हे सुईचा निमुळतेपणा ठरवतो, म्हणून त्यांनी एक पायरी घट्ट मिश्रण देणारी सुई दोन्हीकडे बसवण्याचा सल्ला दिला. त्याचबरोबर जुने रबरी पाइप आणि कॉर्कची पॅकिंगे इथेनॉलला टिकत नाहीत, ती बदलावीत, असेही अहवालात लिहून दिले. सुया मला इंग्लंडहून मागवाव्या लागल्या. त्या बसल्यावर बोपदेव घाट गाडी तिसऱ्या गिअरमध्ये एकही ठेच न खाता चढते, आणि उतरताना सायलेन्सरमधून फक्त हलकी गुरगुर येते, जी या इंजिनाला शोभते.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. काम किती दिवसांत होईल हे वस्ताद सांगत नाहीत आणि विचारलेले त्यांना आवडत नाही; पावसाळ्यात गल्लीत पाणी साचले की काम आणखी रेंगाळते. बसायला एक बाक आहे, गाडी उभी करायला जागा नाही. फोन क्वचितच उचलला जातो. अधिक गंभीर उणीव ही की धावत्या गाडीत मिश्रण मोजणारे ऑक्सिजन सेन्सरचे उपकरण त्यांच्याकडे नाही. आयडलवरचे कार्बन मोनॉक्साइड ते जवळच्या पीयूसी केंद्रावर तपासून घेतात, परंतु घाटात, भाराखाली मिश्रण कसे आहे याचा निर्णय त्यांना प्लगचा रंग आणि स्वतःचा कान यांवरच घ्यावा लागतो. त्यांचा कान विलक्षण तयार आहे हे मी पाहिले आहे. तरीही सुईची निवड आकड्यांवर झाली असती तर मला अधिक समाधान वाटले असते, आणि असे उपकरण घ्यावे अशी विनंती मी त्यांना केली आहे.

निदानाची फी आधी सांगितली जाते आणि माझ्या बाबतीत ती आधीच्या गॅरेजने लावलेल्या नुसत्या कॉइलच्या किमतीहून कमी होती. अहवाल हाताने लिहिलेला, मराठीत आणि सुवाच्य असतो. प्रत्येक तपासणी, तिचा आकडा, निष्कर्ष आणि कामाचा अग्रक्रम अशी त्याची मांडणी असते, आणि काम दुसरीकडे करून घ्यायचे असले तरी तो बिनतक्रार हातात दिला जातो. काढलेले सर्व भाग पिशवीत घालून परत मिळतात. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणाऱ्या गाड्या ते घेत नाहीत आणि हेडचे मोठे काम निघाले तर ओळखीच्या मशीन शॉपकडे पाठवतात.

जाताना गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल असेल तर सोबत न्यावे आणि आधी कोणते भाग बदलले याची बिले जरूर दाखवावीत. प्लग पुसून किंवा नवे घालून नेऊ नयेत. गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे ठेवावी, कारण एक्झॉस्टची बारीक गळती थंड इंजिनावरच ऐकू येते. लोखंड तापून फुगले की ती काही मिनिटांत झाकली जाते.